डेडलिफ्टच्या वेळी मनगटाला पट्टे बांधावेत, की मूठ तयार होण्याची वाट पाहावी?

त्रिमूर्तीनगरकर | ५ जुलै, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. गेली अडीच वर्षे मी आमच्या भागातल्या एका व्यायामशाळेत नियमितपणे वजने उचलतो. माझे वय ३४ आहे, वजन ७८ किलो आहे आणि नोकरी दिवसभर खुर्चीत बसून करायची आहे. सध्या मी डेडलिफ्टचे, म्हणजे वजनाचा दांडा जमिनीवरून उचलून सरळ उभे राहण्याच्या व्यायामाचे, १२० किलोवर पाच-पाच आवर्तनांचे तीन सेट करतो. पहिला सेट नीट जातो. दुसऱ्या सेटच्या चौथ्या आवर्तनाला उजव्या हाताची करंगळी उघडू लागते, तिच्यामागून अनामिका सैल पडते, आणि तिसऱ्या सेटमध्ये दांडा तळव्यातून घसरत बोटांच्या टोकांवर येऊन थांबतो. पाठ आणि मांड्या आणखी दोन आवर्तने सहज देतील, पण मूठ सुटते.

यावर उपाय म्हणून मी वर्षभर एक हात पालथा आणि एक उताणा अशी मिश्र पकड वापरली. दोन महिन्यांपासून उताण्या हाताच्या कोपरात, पुढच्या बाजूला, दुखू लागले आहे. मागच्या आठवड्यात एका मित्राने मनगटाला अडकवून दांड्याला गुंडाळायचे त्याचे पट्टे दिले आणि त्या दिवशी तिन्ही सेट पूर्ण झाले. प्रशिक्षकांनी मात्र सगळ्यांसमोर सांगितले की पट्टे बांधून उचलणे ही फसवणूक आहे, आणि जे हाताने धरता येत नाही ते उचललेच नाही असे समजावे. हे बोलणे मनाला लागले, कारण ते अनुभवी आहेत आणि मी त्यांचा आदर करतो. आपणांपैकी ज्यांनी पट्टे वापरले आहेत किंवा जाणीवपूर्वक टाळले आहेत, त्यांनी आपला अनुभव सविस्तर सांगावा अशी विनंती आहे.

लाल_माती | ५ जुलै, रात्री ९.५२

भाऊ, तुमच्या प्रशिक्षकांचे शब्द कठोर असतील, पण म्हणणे खोटे नाही. मी नागपूरच्या महाल भागातल्या आखाड्यात वाढलो. आमच्याकडे मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला आधी पकड शिकवतात आणि मग आसने शिकवतात. दोरीच्या मल्लखांबावर तर सगळा देह हातापायांच्या बोटांवर असतो, तिथे कोणता पट्टा बांधणार? पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून ती विदर्भात जोपासली. या परंपरेत हात हा शरीराचा सर्वांत आधी तयार करायचा भाग मानला आहे. सहा महिने वजन कमी करा, मूठ पिकू द्या, मग १२० वर या.

बर्डीचा_बार | ५ जुलै, रात्री १०.३०

तुम्ही स्पर्धेत उतरणार आहात का, हे आधी सांगा. उत्तर त्यावर बरेचसे ठरते.

त्रिमूर्तीनगरकर | ५ जुलै, रात्री १०.३६

नाही, स्पर्धेचा विचार नाही. पाठ आणि कंबर मजबूत राहावी आणि वाढत्या वयात पोते, सिलिंडर किंवा मुलाला उचलताना भीती वाटू नये, एवढीच इच्छा आहे.

बर्डीचा_बार | ५ जुलै, रात्री ११.१५

मग मोकळेपणाने लिहितो. मी पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा करतो. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत डेडलिफ्टला कंबरपट्टा चालतो, मनगटाला आधार देणारी गुंडाळपट्टी चालते, हाताला मॅग्नेशियमची पूड चालते, पण दांड्याला अडकवायचे पट्टे चालत नाहीत. शिवाय वजन वर नेऊन भागत नाही. पंचांचा इशारा मिळाल्यावर ते दोन्ही हातांच्या ताब्यात ठेवून खाली आणावे लागते, मध्येच सोडले तर प्रयत्न बाद होतो. त्यामुळे आमच्यासाठी मूठ हा त्या उचलीचाच भाग आहे, आणि जो स्पर्धक वर्षभर पट्ट्यांवर सराव करतो, त्याची फजिती मंचावर होते.

अवजड वस्तू उचलण्या-ओढण्याच्या स्ट्राँगमन स्पर्धांत मात्र अनेक ठिकाणी पट्ट्यांना परवानगी असते. २०१६ मध्ये एडी हॉलने ५०० किलो आणि मे २०२० मध्ये हाफथोर ब्योर्नसनने ५०१ किलो उचलले, ते पट्टे बांधूनच. पट्ट्यांशिवाय बेनेडिक्ट मॅग्नुसनने २०११ मध्ये ४६० किलोंहून थोडे अधिक उचलले होते. या दोन आकड्यांतले अंतर केवळ पट्ट्यांमुळे आहे असे कोणी समजू नये, कारण अंगावरचा पोशाख आणि दांडा यांचाही त्यात वाटा असतो. पण ५०० किलो उचलणाऱ्या माणसाला फसवा म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही. फसवणूक नियम मोडल्याने होते. ज्याच्यावर स्पर्धेचा नियमच लागू नाही, त्याने काय मोडले?

मनगट_कोपर | ६ जुलै, सकाळी ७.२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि नागपूरच्या सदर या भागात काम करते. मूळ लेखातील कोपराच्या दुखण्याकडे अजून कोणी लक्ष दिलेले नाही, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

मिश्र पकडीत उताणा असलेला हात कोपरात किंचितही वाकला, तर दंडाच्या पुढच्या स्नायूचा, म्हणजे बायसेप्सचा, कोपराजवळचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, भार घेऊ लागतो. डेडलिफ्ट करताना हा कंडरा तुटल्याची उदाहरणे होतात, ती जवळपास नेहमी उताण्या हाताची असतात. सगळ्यांना असे होत नाही, हजारो लोक वर्षानुवर्षे मिश्र पकडीने उचलतात. पण ज्याला दोन महिन्यांपासून नेमके तिथे दुखते आहे, त्याने ती पकड आजपासून थांबवावी आणि कोपर एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्यावे. तुमच्या बाबतीत निवड पट्टे आणि मिश्र पकड यांच्यात असेल, तर मी पट्ट्यांच्या बाजूने आहे.

आता मूठ का सुटते ते. बोटे मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि त्यांचे कंडरे मनगटातून बोटांपर्यंत जातात. वजन धरून ठेवताना हे स्नायू सलग आकुंचन पावलेले राहतात, त्यामुळे त्यांच्यातून रक्त नीट फिरत नाही आणि ते मांड्यांच्या आणि नितंबांच्या कितीतरी आधी थकतात. दुसरे असे की, दोन्ही हात पालथे असताना दांडा एकाच दिशेने बोटांतून फिरू पाहतो. मिश्र पकडीत दोन हात त्याला उलट दिशांनी अडवतात म्हणून तो फिरत नाही, आणि अंगठा आत घालून धरलेल्या हुक पकडीत अंगठ्याचीच पाचर बसते. पट्टाही हेच काम करतो, फक्त भाराचा मोठा हिस्सा तो बोटांवरून मनगटावर नेतो.

लाल_माती | ६ जुलै, सकाळी ८.०५

ताई, कोपराचे मला लक्षात आले नव्हते, ते तुम्ही बरे केले. पण पट्ट्याने मूठ कमजोर राहते, याचे काय? मध्यंतरी वाचले होते की हाताची पकड कमी झाली की आयुष्यही कमी होते.

मनगट_कोपर | ६ जुलै, दुपारी १.४०

आपण ज्याचा उल्लेख करता तो अभ्यास २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. भारतासह १७ देशांतील सुमारे १,४०,००० लोकांची पकड त्यात मोजली गेली, आणि पकडीत ५ किलोची घट असेल तर मृत्यूचा धोका साधारण १६ टक्क्यांनी अधिक आढळला. मात्र तिथे पकड हे सगळ्या शरीराच्या ताकदीचे एक सोपे मोजमाप म्हणून वापरले होते. ज्याची पाठ, मांड्या आणि हृदय चांगले आहेत, त्याची पकडही बहुधा चांगली निघते. म्हणून केवळ बोटे बळकट केल्याने आयुष्य वाढते असा अर्थ त्यातून काढता येत नाही, आणि पट्टे बांधल्याने ते घटते असा तर अजिबात नाही. उलट मुठीपायी पाठीला आणि पायांना पुरेसा व्यायाम मिळत नसेल, तर तेही नुकसानच आहे.

स्नॅचवाली | ६ जुलै, रात्री ८.४५

मी ऑलिंपिक पद्धतीचे वेटलिफ्टिंग करते, त्यामुळे आमच्या बाजूचे लिहिते. टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात मीराबाई चानूने स्नॅचमध्ये (दांडा एका झटक्यात जमिनीवरून डोक्यावर नेणे) ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर नेणे) ११५ मिळून २०२ किलो उचलून रौप्यपदक घेतले, त्या मंचावर पट्टा नव्हता, कारण स्पर्धेत त्याला मनाईच आहे. पण सरावात स्नॅच आणि स्नॅचची खेच (डोक्यावर न नेता फक्त वर ओढणे) करताना पट्टे वापरणे आमच्याकडे अगदी रूढ आहे. आठवड्यात इतक्या वेळा दांडा खेचायचा असतो की प्रत्येक वेळी मुठीने धरला, तर अंगठ्याची कातडी चार दिवसांत सोलून निघते. क्लीन करताना मात्र पट्टे कधीही बांधू नयेत. तिथे दांडा खांद्यांवर घेताना कोपरे झटकन पुढे फिरवावी लागतात, आणि हात दांड्याला जखडलेला असेल व उचल फसली, तर मनगट किंवा कोपर जायबंदी होते. डेडलिफ्टमध्ये तो धोका नाही, कारण दांडा फक्त खाली जातो.

आणखी एक गोष्ट पुरुष सभासदांच्या ध्यानात सहसा येत नाही. स्पर्धेतला पुरुषांचा दांडा २८ मिलिमीटर जाडीचा आणि २० किलोचा असतो, स्त्रियांचा २५ मिलिमीटरचा आणि १५ किलोचा. मी ज्या ज्या व्यायामशाळेत गेले, तिथे स्त्रियांचा दांडा मला क्वचितच दिसला. लहान तळव्याच्या बाईने जाड दांडा धरायचा आणि वर पट्टे बांधले म्हणून बोलणीही ऐकायची, हे मला मान्य नाही.

लाल_माती | ६ जुलै, रात्री ९.३०

हे मान्य. मल्लखांबावर भार आपल्याच देहाचा असतो आणि तो फारसा बदलत नाही. दांड्यावर वजनाच्या चकत्या वाढत जातात, तळवा मात्र तेवढाच राहतो. ही तुलना करताना मी घाई केली. तरीही नवशिक्याने पहिल्या महिन्यापासून पट्टे बांधू नयेत, या मतावर मी ठाम आहे.

बर्डीचा_बार | ६ जुलै, रात्री ९.४१

यात दुमत नाही. ६० किलोला पट्टे बांधणारी मुले पाहिली की मलाही वाईट वाटते.

निवारपट्टी | ७ जुलै, सकाळी ६.५०

पट्टे कसले असावेत, यावर कोणी लिहिले नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो, त्यातली चूकही सांगतो. सहा वर्षांपूर्वी मी इतवारी बाजारातून पलंगाची सुती निवार आणली आणि घरच्या यंत्रावर स्वतःच पट्टे शिवले. रुंदी साधारण चार सेंटिमीटर आणि लांबी साठ सेंटिमीटर ठेवली. निवार उत्तम होती, पण फासा जिथे जोडतो तिथे मी एकच सरळ टीप मारली होती. १४० किलो नडगीच्या वर चार बोटे उचलले असताना डाव्या हाताची टीप उसवली. दांडा तिरका झाला, डावी चकती आधी आदळली आणि सगळा झटका उजव्या खांद्याला बसला. तेच वजन मांडीपर्यंत गेले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

त्यानंतर दप्तरे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून चौकोनी टीप आणि तिच्या आत फुली, अशी जाड दोऱ्याची शिवण घालून घेतली. ते पट्टे अजून टिकून आहेत. दर महिन्याला मी शिवण नखाने ओढून पाहतो, एक दोरा जरी सुटलेला दिसला तरी ती जोडी वापरत नाही. नायलॉनचे पट्टे टिकाऊ असतात, पण आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत घामाने भिजले की दांड्यावर सरकतात. चामड्याचे घाम पिऊन ताणले जातात आणि वाळल्यावर ताठ होतात. सुती पट्टा लवकर झिजतो, पण धरतो चांगला.

त्रिमूर्तीनगरकर | ७ जुलै, रात्री ९.२०

सर्वांचे मनापासून आभार. मिश्र पकड कालपासून बंद केली आहे आणि शनिवारी कोपर दाखवणार आहे. एक शंका आहे. पट्टे बांधल्यावर डाव्या अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या येतात आणि व्यायामानंतर अर्धा तास तशाच राहतात. मी काही चुकीचे करतो आहे का?

मनगट_कोपर | ७ जुलै, रात्री १०.०५

होय, आणि हे लगेच सुधारा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूने एक संवेदी मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो आणि अंगठ्याच्या मागच्या भागाला संवेदना देतो. घट्ट घड्याळाच्या पट्ट्यानेही तो दबतो. तुम्ही फासा मनगटाच्या हाडाच्या वर, कोपराच्या बाजूला बांधत असाल. तो हाडाच्या खाली, तळव्याच्या टाचेला लागून बसला पाहिजे. हात मोकळा असताना त्यात एक बोट जाईल इतका तो सैल असावा, कारण भार आला की तो आपोआप आवळतो.

बर्डीचा_बार | ७ जुलै, रात्री १०.४०

गुंडाळण्याची पद्धतही सांगतो, कारण निम्मे लोक तिथेच चुकतात. पट्ट्याचे मोकळे टोक तळव्यावरून अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून बाहेर काढावे. बोटे दांड्याला पुढून वरून वेढतात आणि खालून आपल्याकडे येतात. पट्ट्याने याच्या उलट जायचे, म्हणजे आपल्या बाजूने दांड्याखालून पुढे आणि मग वरून परत तळव्याकडे. एक ते दीड वेढा पुरतो. मग मूठ मिटून दांडा आपल्याकडे किंचित फिरवला की ढील निघून जाते. दोन्ही हातांना सारखी ढील राहिली पाहिजे, नाहीतर एक खांदा खाली ओढला जातो. आणि पट्टा बांधला म्हणून बोटे सैल सोडू नयेत, मूठ आवळलेलीच ठेवावी.

अंबाझरीचे_काका | ८ जुलै, सकाळी ६.१५

मी ५८ वर्षांचा आहे. माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे. डॉक्टरांनी पाठीसाठी वजने उचलायला परवानगी दिली आहे, पण ४० किलोलाही अंगठा ठणकतो. माझ्यासारख्याने पट्टे वापरले तर चालेल काय?

मनगट_कोपर | ८ जुलै, सकाळी ७.३०

काका, आपल्यासाठी तर पट्टे अगदी योग्य आहेत. वजन हळूहळू वाढवा आणि उचलताना श्वास कोंडून ठेवू नका.

वर्धारोड | ८ जुलै, रात्री ८.१०

पट्ट्यांच्या आधी हाताला पूड लावून पाहिली का, असे कोणी विचारलेच नाही. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आणि आता पावसाळ्यातही अर्धी मूठ घामामुळे सुटते. लागते ती मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड. फळ्यावरचा खडू हा वेगळाच पदार्थ आहे, आणि अंगाला लावायची टाल्कम पावडर तर हात आणखी गुळगुळीत करते. आमच्या व्यायामशाळेत फरशी खराब होते म्हणून पूड बंद केली, तेव्हा मी अल्कोहोलमध्ये कालवलेली द्रव पूड आणली. ती तळव्यावर वाळते, उडत नाही, आणि मालकांनीही हरकत घेतली नाही. दांडाही एकदा पाहा. वर्षानुवर्षे वापरून त्यावरची खरबरीत नक्षी झिजली असेल, तर कोणाचीही मूठ टिकणार नाही.

स्नॅचवाली | ८ जुलै, रात्री ८.५५

याला पूर्ण अनुमोदन. शिवाय दांडा तळव्याच्या मध्यावर धरू नये. बोटे जिथून सुरू होतात त्या रेघेवर धरावा. मध्यावर धरलेला दांडा शेवटी तिथेच घसरून येतो आणि येताना कातडीची घडी चिमटतो, त्यानेच घट्टे फाटतात.

त्रिमूर्तीनगरकर | २४ ऑगस्ट, रात्री ९.३०

सात आठवड्यांनी धागा पुन्हा वर आणतो आहे, कारण इतक्या जणांनी वेळ काढून लिहिल्यावर पुढे काय झाले हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

कोपर दाखवले. कंडरा शाबूत आहे, त्याला सूज होती. मिश्र पकड बंद केल्यावर पाचव्या आठवड्यात दुखणे थांबले. व्यायामाची आखणी अशी केली, की १०० किलोपर्यंतचे सगळे सेट आणि १२० चा पहिला सेट दोन्ही हात पालथे ठेवून, द्रव पूड लावून, पट्ट्यांशिवाय करायचे. त्यापुढचे सेट पट्टे बांधून करायचे. शेवटी १०० किलो मांडीपाशी उभे धरून वीस सेकंद थांबायचे, ही सूचना मला प्रशिक्षकांनीच दिली. त्यांना या धाग्यातले मुद्दे शांतपणे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की त्यांचा राग पहिल्या दिवसापासून पट्टे बांधणाऱ्यांवर होता, माझ्यावर नव्हता. ते सगळ्यांसमोर बोलले होते, तसे हेही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले, याचे मला फार बरे वाटले.

आज १३५ किलोवर पट्टे बांधून पाच आवर्तने झाली. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १२० च्या पहिल्या सेटनंतर मी दांडा खाली ठेवला तेव्हा करंगळी मिटलेलीच होती. म्हणून विश्रांती घेऊन दुसरा सेटही पट्ट्यांशिवाय केला, आणि चौथ्या आवर्तनालाही ती उघडली नाही. अंगठ्याच्या मुंग्या फासा खाली घेतल्यापासून आलेल्या नाहीत.

लाल_माती | २४ ऑगस्ट, रात्री १०.०२

भाऊ, वाचून आनंद झाला. वीस सेकंदांचे तीस करा. आणि रविवारी सकाळी सवड असेल तर महालात या, दोरीवर लोंबकळायला शिकवतो, ते मुठीला कोणत्याही वजनाहून कमी नाही.

त्रिमूर्तीनगरकर | २४ ऑगस्ट, रात्री १०.०९

नक्की येतो. निवारपट्टी यांना एक विचारायचे राहिले, सुती पट्टे धुवायचे कसे? माझ्या जोडीला घामाचा वास येऊ लागला आहे.

निवारपट्टी | २५ ऑगस्ट, सकाळी ६.४०

साध्या साबणाने हाताने धुवा, पिळू नका आणि सावलीत टांगून पूर्ण वाळू द्या. ओले असताना पिशवीत कोंबले, तर आधी शिवणीचा दोरा कुजतो आणि तो वरून दिसत नाही.